गांधी टोपीचें मूळ : तीन मतांचें परीक्षण

गांधी टोपी हें नांव महाराष्ट्रांत लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु ही टोपी मुळांत आली कोठून, असा प्रश्न विचारल्यास तीन दिशांकडून तीन उत्तरें येतात, आणि प्रत्येक उत्तर देणारा इतर दोघांस खोटें ठरवितो. पहिलें मत असें कीं, दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगांत बंदिवानांस जी टोपी दिली जाई, तीच गांधीजींनीं पुढें हिंदुस्थानांत रूढ केली. दुसरें मत असें कीं, १९१९ च्या सुमारास गांधीजी रामपूरच्या नबाबांस भेटण्यास गेले असतां अली बंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम, ज्यांस सर्व देश बी अम्मा म्हणून ओळखी, त्यांनीं ती आपल्या हातानें तयार करून दिली. तिसरें मत असें कीं, काश्मिरी टोपी पुढें ठेवून व तींत विचारपूर्वक फेरफार करून गांधीजींनीं ती स्वतःच ठरविली. या तिन्ही मतांचा येथें एकत्र विचार करावयाचा आहे.

हा वाद केवळ करमणुकीचा नाहीं. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां ही टोपी डोक्यावर असणें हाच अपराध समजला गेला. जिच्यासाठीं साध्या माणसांनीं मार खाल्ला, तिचें मूळ सांगतांना कथा आणि इतिहास यांची गल्लत होऊं देणें हें त्या माणसांच्या स्मृतीस शोभणारें नाहीं. शिवाय या तीनही कथांच्या शेवटीं एकेक तात्पर्य आहे. तुरुंगाच्या कथेंत अपमानाचें भूषण होतें, रामपूरच्या कथेंत हिंदु-मुसलमानांची प्रीति आहे, काश्मीरच्या कथेंत काटकसर आहे. तात्पर्य जितकें गोड, तितकी कथा अधिक सावधपणें तपासावी, हा संशोधकाचा धर्म आहे. कारण गोड कथेस साक्षीदार लागत नाहीं.

१. वस्तु आणि शब्द

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. दोन्ही टोंकांस निमुळती, बाजूंस उभी रुंद पट्टी, वरचा माथा आंत दुमडणारा, आणि काढून ठेवली असतां चपटी होऊन खिशांत मावणारी अशी ही पांढऱ्या खादीची टोपी होय. या वर्णनांत चार गोष्टी आहेत : आकृति, कापड, रंग आणि नांव. या चारींचा जन्म एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं झाला असलाच पाहिजे असें नाहीं. प्रस्तुत वादांतील बराचसा गोंधळ या चार गोष्टी एकच समजल्यामुळें झाला आहे.

आतां शब्द पाहूं. संस्कृत ग्रंथांतील सभ्य पुरुषाच्या मस्तकावर उष्णीष असे. मराठ्यांच्या मुलुखांत पगडी, पागोटें, मुंडासें, रुमाल, फेटा अशीं शिरोवेष्टनें होतीं. म्हणजे कापड गुंडाळून केलेलीं. शिवलेली टोपी ही मुलांची, फकिराची किंवा परक्याची. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत समुद्रावरून आलेल्या व्यापारी जातींचा विचार करतांना फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादिकांस ‘टोपीकर’ असें एकच नांव दिलें आहे, आणि आमच्या जुन्या पत्रांतून हा शब्द वारंवार आढळतो. ज्या भाषेंत टोपी ही परकीयाची खूण होती, त्याच भाषेंत दोनशें वर्षांनीं टोपी ही स्वदेशीची खूण झाली. असा उलटा पालट झाला म्हणजे लोकांस त्याचें कारण बाहेर कोठें तरी असावें असें वाटूं लागतें. आणि मग एकेका शहराचें व एकेका तुरुंगाचें नांव पुढें येऊं लागतें.

२. कालाची पूर्वसीमा आणि उत्तरसीमा

कोणत्याही लेखाचा काल ठरवितांना आपण प्रथम त्याच्या दोन सीमा आंखतों. तीच पद्धति येथें वापरावी. आत्मकथेंत गांधीजी सांगतात कीं, आश्रमांत माग आले तरी सूत गिरणीचें होतें; हातानें सूत काढणारें कोणी सांपडेना. भडोचच्या शिक्षण परिषदेस, म्हणजे १९१७ सालीं, त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशीं गांठ पडली, आणि त्यानंतर बऱ्याच शोधानें गंगाबेनना बडोदे संस्थानांतील विजापूर येथें चरखा आढळला. तेव्हां हातसुताच्या खादीची टोपी या शोधापूर्वीं असणें शक्य नाहीं. ही पूर्वसीमा झाली.

उत्तरसीमा त्याहून स्पष्ट आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरा येथें गांधीजींनीं टोपी व अंगरखा टाकून केवळ पंचा नेसण्यास प्रारंभ केला, आणि पुढें तें कायम केलें. १९२० मधील छायाचित्रांत ते ही टोपी घातलेले दिसतात. म्हणजे जी टोपी त्यांच्या नांवानें शंभर वर्षें चालली, ती त्यांच्या स्वतःच्या मस्तकावर फार तर दोन-तीन वर्षें होती. त्यांनीं ती टाकली आणि देशानें ती उचलली. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळें दुसऱ्या मतांत केवढा दोष शिरला आहे, तें पुढें दिसेल.

३. तुरुंगाची टोपी

आफ्रिकेच्या पक्षाचें बळ प्रथम सांगितलें पाहिजे. १० जानेवारी १९०८ रोजीं गांधीजींस जोहान्सबर्ग येथें पहिली कैद झाली. सुटकेनंतर त्याच सालीं ‘इंडियन ओपिनियन’मध्यें त्यांनीं आपला तुरुंगांतील अनुभव लिहिला. हिंदी कैद्यांस तेथील काळ्या रहिवाशांच्या वर्गांत घातलें होतें, कपड्यांवर त्या वर्गाचें अक्षर छापलेलें होतें, आणि मिळालेल्या कपड्यांत टोपीही होती, असें त्या वर्णनांत आहे. हा लेख त्याच वर्षींचा, प्रत्यक्ष भोगणाराच्या हातचा. त्याचें प्रामाण्य निर्विवाद आहे. पुढें अनेक वर्षांनीं गांधीजींचे आफ्रिकेंतील सहकारी हेन्री पोलक यांनीं आपल्या आठवणींत गांधी टोपीचा नमुना या तुरुंगाच्या टोपींत असल्याचें सुचविलें.

परंतु येथें दोन निरनिराळे पुरावे एका गांठींत बांधले जातात. १९०८ च्या लेखानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं, गांधीजींनीं तुरुंगांत टोपी घातली होती. त्या टोपीपासून पुढची टोपी निघाली, हें त्या लेखांत नाहीं. असणें शक्यही नाहीं, कारण पुढची टोपी तेव्हां जन्मलीच नव्हती. वंशाचा संबंध सांगणारे एकटे पोलक. पोलक सत्यवादी व निकटवर्ती होते याविषयीं शंका नाहीं. पण खादीची टोपी ठरली त्या काळांत ते आश्रमवासी नव्हते. त्यांनीं एक टोपी डोळ्यांनीं पाहिली होती, दुसरी पुढें पाहिली, आणि दोहोंत साम्य दिसलें. साम्यावरून वंश काढणें हें अनुमान आहे, आणि अनुमानास व्याप्ति लागते. घडीची, होडीच्या आकाराची टोपी युरोपांतील सैनिकांतही होती. तिच्यापासून गांधी टोपी निघाली असें आपण म्हणणार काय? डोक्याचा आकार एक, कापड कमी लागावें ही इच्छा एक, तर दोन ठिकाणीं सारखी टोपी शिवली जाणें हें काकतालीय न्यायानें सहज घडतें.

उलट बाजूस एक अडचण आहे. १९१३ च्या डिसेंबरांत सुटका झाल्यावर, गोळीबारांत मेलेल्या मजुरांच्या शोकार्थ गांधीजींनीं मुंडण केलें व गिरमिटियांचा वेष घेतला. तुरुंगाच्या पोषाखांतून कांहीं उचलून सन्मानानें मिरवावयाचें असतें, तर तीच वेळ होती. परंतु त्या दिवसांच्या छायाचित्रांत ते उघड्या डोक्यानें दिसतात. पुढें ९ जानेवारी १९१५ रोजीं मुंबईस उतरले ते काठेवाडी पोषाखांत, फेट्यासह. तुरुंग आणि टोपी यांच्यामधला दुवा सात वर्षें कोठेंच दिसत नाहीं.

४. रामपूरची कथा

रामपूरची कथा अशी सांगतात : नबाब हमीद अली खान यांच्या दरबारीं उघड्या डोक्यानें जाण्याची चाल नव्हती, गांधीजींजवळ डोक्यावर घालण्यास कांहीं नव्हतें, बाजारांत त्यांच्या मापाची टोपी मिळेना, तेव्हां बी अम्मांनीं ती स्वतः करून दिली. रामपुरांत ही कथा मोठ्या प्रेमानें सांगितली जाते, आणि त्या प्रेमास कारण आहे. १९४८ सालीं गांधीजींच्या अस्थि त्या गांवीं नेण्यांत आल्या व तेथें त्यांची समाधि झाली. अशा गांवानें गांधीजींच्या मस्तकाशीं आपलें नातें जोडावें, हें स्वाभाविक आहे.

कथा आमच्या दोन्ही सीमांच्या आंत बसते, हें कबूल केलें पाहिजे. तथापि तिच्यावर दोन आक्षेप येतात. पहिला बी अम्मांविषयींचा. महंमद अली व शौकत अली १९१५ पासून १९१९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत स्थानबद्धतेंत वा कैदेंत होते. त्यांतील मोठा काळ मध्यप्रांतांतील छिंदवाडा येथें गेला, आणि त्यांच्या मातोश्री तेथें त्यांच्यासह राहात होत्या. मध्यंतरीं त्या रामपुरास आल्याच नसतील असें आम्ही म्हणत नाहीं. १९१७ सालीं मुलांच्या वतीनें त्या कलकत्त्याच्या अधिवेशनांस गेल्या होत्या, म्हणजे त्यांचा प्रवास बंद नव्हता. परंतु ज्या वर्षीं त्या रामपूरच्या घरीं स्वस्थ बसून टोपी करीत होत्या असें कथा सांगते, त्या वर्षाचा बहुतेक भाग त्यांचे दोन्ही मुलगे बंदिवासांत होते, याची कथेस दखलही नाहीं.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे, आणि तो कथेच्या पोटांतूनच निघतो. कथेचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे : गांधीजी उघड्या डोक्याचे होते. पण कोणते गांधीजी? पंचा नेसलेले, उघड्या डोक्याचे गांधीजी हे १९२१ च्या सप्टेंबरनंतरचे. चंपारण व खेडा येथील लढ्यांच्या काळांत, म्हणजे १९१७-१८ सालीं, ते फेटा बांधीत. बांधण्यास फेटा जवळ असलेल्या मनुष्यास दरबारीं जाण्यासाठीं बाजार धुंडाळावा लागण्याचें कारण नाहीं. कथा रचणाराच्या डोळ्यांपुढें उत्तरकालीन मूर्ति होती. ती त्यानें पूर्वकालीं नेऊन बसविली. ज्यास जुन्या बखरी वाचण्याची संवय आहे, त्यास हा दोष ओळखण्यास वेळ लागत नाहीं. बखरकारही आपल्या काळचा दरबार दोन पिढ्या मागें नेऊन भरवितो.

म्हणून टोपीच्या उत्पत्तीचा पुरावा या दृष्टीनें ही कथा टिकत नाहीं. मात्र ती टाकाऊ आहे असें आम्ही मानीत नाहीं. खिलाफत आणि असहकार यांच्या त्या थोड्या वर्षांत एका मुसलमान मातेचा हात गांधीजींच्या मस्तकावर होता, ही गोष्ट लोकांस इतकी खरी वाटली कीं त्यांनीं तिला टोपीचें रूप दिलें. बी अम्मा १९२४ सालीं वारल्या, आणि त्या ऐक्यासही त्याच सुमारास ओहोटी लागली होती. तेव्हां ही कथा टोपीचा इतिहास नव्हे. पण त्या ऐक्याची लोकांनीं जपलेली आठवण म्हणून तिचा संग्रह अवश्य व्हावा.

५. काश्मिरी टोपी

तिसऱ्या मताचा मुख्य आधार काका कालेलकर यांची आठवण हा आहे. कालेलकर मूळचे साताऱ्याचे. १९१५ सालीं शांतिनिकेतनांत त्यांची गांधीजींशीं भेट झाली, आणि पुढें ते आश्रमांत राहिले. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा. टोपी कशी ठरविली हें गांधीजींनीं त्यांस स्वतः सांगितलें. निरनिराळ्या प्रांतांचीं शिरोभूषणें त्यांनीं पाहिलीं. उन्हाच्या देशांत डोकें झांकलें पाहिजे. पण पागोट्यास कापड फार लागतें. काश्मिरी टोपी हलकी, घडी करून खिशांत ठेवतां येण्याजोगी, करण्यास सोपी. मात्र ती लोंकरीची. म्हणून ती सुती केली. रंगाचा विचार करतां पांढरा रंगच पसंत पडला. कारण त्यावर घामाचा मळ ताबडतोब दिसतो, आणि दिसला म्हणजे टोपी धुवावी लागते. काळ्या टोपींत मळ लपतो, इतकेंच.

ही साक्ष ऐकीव असली तरी ज्याच्याविषयीं आहे त्याच्याच तोंडून ऐकलेली, आणि तिच्यांतील विचारसरणी बोलणाराच्या स्वभावास पूर्ण जुळणारी आहे. तथापि एकाच साक्षीवर आम्ही निर्णय दिला नसता. सुदैवानें तिला पूरक असा एक पुरावा गांधीजींच्या स्वतःच्या लेखणींतला आहे, आणि या वादांत त्याचा उपयोग व्हावा तितका झालेला नाहीं. आत्मकथेच्या पांचव्या भागांत, १९१५ सालीं मुंबईहून राजकोट-पोरबंदरकडे जाण्याच्या प्रसंगीं ते सांगतात कीं, तिसऱ्या वर्गाच्या प्रवासांत उपरणें, झगा इत्यादि लटांबर नकोसें वाटून त्यांनीं तें सोडलें, व आठ-दहा आणे खर्चून एक काश्मिरी टोपी घेतली; कारण त्या वेषांत मनुष्य गरीब म्हणून सहज खपे. या प्रकरणांत ते टोपीच्या मुळाविषयीं कांहींच सिद्ध करूं पाहात नाहींत. विषय आहे वीरमगांवच्या जकातीचा. योगायोग असा कीं, त्याच प्रकरणांत वढवाणचे मोतीलाल नांवाचे शिंपी त्यांस स्टेशनवर भेटतात. पण तेही जकातीविषयींच बोलतात, टोपीविषयीं चकार शब्द काढीत नाहींत. वादाचा विषय मनांत नसतां सहज उच्चारलेलें वाक्य हें वादासाठीं दिलेल्या साक्षीहून अधिक विश्वसनीय असतें. आत्मकथा १९२५ च्या अखेरीपासून ‘नवजीवन’ मध्यें क्रमशः आली. कालेलकरांची आठवण तिच्याहून निराळ्या हेतूनें सांगितलेली आहे. दोन्ही वेगळ्या वाटांनीं काश्मिरी टोपीपाशींच येतात.

या पक्षावरही एक आक्षेप आहे, आणि तो लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९१५ ची टोपी विकत घेतलेली होती. तिच्यानंतर गांधीजी पुन्हां फेट्यांत दिसतात. खादीची पांढरी टोपी त्यानंतर कांहीं वर्षांनीं येते. मधल्या काळांत काय झालें? याचें उत्तर असें कीं, प्रवासांतला वेष आणि सार्वजनिक वेष हे दोन होते. सोय पहिल्यांत कळली होती, पण कापड दुसऱ्यासाठीं अजून मिळालें नव्हतें. विजापूरचा चरखा सांपडला, खादी होऊं लागली, आणि त्यानंतर १९१५ च्या अनुभवास खादीचें शरीर मिळालें. आमची पूर्वसीमा आणि कालेलकरांची आठवण या ठिकाणीं एकमेकींस आधार देतात. दुवा प्रत्यक्ष दिसत नसला तरी त्याचीं दोन्ही टोंकें हातांत आहेत. आफ्रिकेच्या पक्षाजवळ एकच टोंक आहे, आणि रामपूरच्या पक्षाजवळ एकही नाहीं.

६. निर्णय

तर्कशास्त्रांत उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद करतात. घटाचें उपादान मृत्तिका. कुंभार हें निमित्त. टोपीच्या वादांत प्रत्येक पक्ष ‘मूळ’ हा एकच शब्द वापरतो, परंतु विचारतो निरनिराळें. आकृतीचें मूळ विचाराल तर तें काश्मिरी टोपींत आहे, असें आम्हांस निःसंशय वाटतें. कापडाचें मूळ विजापूरच्या चरख्यांत आहे. रंग हा कोणत्याही प्रांताचा नसून एका मनुष्याच्या स्वच्छतेच्या आग्रहाचा आहे. राहिलें नांव, तें लोकांनीं दिलें, आणि तेंच टिकलें. तुरुंगाचा अनुभव या चौहोंपैकीं कशाचेंही उपादान नाहीं. पण ज्या मनुष्यानें गरिबाचा वेष घेण्याचें ठरविलें, त्याच्या मनाची घडण सांगतांना तो अनुभव वगळतां येणार नाहीं. तेवढ्यापुरतें पोलक यांचें म्हणणें आदरणीय आहे.

दक्षिण आफ्रिकेंत १८९३ सालीं न्यायाधीशानें फेटा काढावयास सांगितला तेव्हां गांधीजी न्यायालयांतून उठून गेले होते. त्यानंतर इंग्रजी टोपी घालावी असा विचार त्यांच्या मनांत आला, आणि अब्दुल्ला शेटनीं तो मोडून काढला, असेंही त्यांनींच लिहून ठेवलें आहे. डोक्यावर काय घालावें हा प्रश्न त्यांच्या आयुष्यांत आरंभापासून विचाराचा आणि स्वाभिमानाचा होता. अशा मनुष्याची टोपी दरबारच्या अडचणींत अकस्मात् सांपडली किंवा तुरुंगाच्या कोठारांतून आपोआप आली, असें मानणें म्हणजे पावशतकाच्या विचारास अपघाताच्या हवालीं करणें होय. प्रस्तुत परीक्षणांत आम्हांस महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

महाराष्ट्रानें या टोपीस जेवढें आपलेंसें केलें तेवढें क्वचितच दुसऱ्या प्रांतानें केलें असेल. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य वारले व त्याच दिवशीं असहकारितेस आरंभ झाला. पगडीची पिढी मावळतांना टोपीची पिढी उगवली. पुढें राजकारणांतून ही टोपी शेतांत गेली, आणि तेथें ती राजकारणाहून अधिक काळ टिकली. वारकऱ्यांच्या डोक्यावर ती आहे, मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर आहे. २०११ च्या आंदोलनांत राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या निमित्तानें ती अक्षरें छापून दिल्लीच्या रस्त्यांवर पुन्हां आली, आणि तेव्हांपासून तिच्यावर पक्षांचीं नांवें लिहिलीं जाऊं लागलीं. जी टोपी कोरी असण्यांतच तिचा अर्थ होता, तिच्यावर मजकूर आला. यावर टीका करणें हें आमचें काम नव्हे. परंतु मूळ विसरलें म्हणजे वस्तूचें काय होतें याचें हें उदाहरण आहे.

शेवटीं एक विनंति. १९१५ ते १९२१ या सात वर्षांतील गांधीजींचीं तारीखवार छायाचित्रें, त्यांच्या दौऱ्यांचीं त्या वेळच्या मराठी व गुजराती वर्तमानपत्रांतील वर्णनें, आणि खादी भांडारांच्या पहिल्या काळांतील टोप्यांचे हिशेब, यांचा कोणी नेटानें संग्रह केल्यास मधला दुवाही उजेडांत येईल. त्या पिढीचे लोक आतां राहिले नाहींत. पण त्यांच्या घरच्या ट्रंकांत फोटो आणि हिशेबाच्या वह्या अजून असतील. त्या रद्दींत जाण्यापूर्वीं पाहिल्या पाहिजेत.